हेर डायबर यांचे फार स्वच्छ रक्त

आमच्या इमारतीत पाच बिऱ्हाडे आहेत आणि एक पाटी आहे. पाटी लाकडाची, तळहाताएवढी, वर दोरीचा फास. ती ज्याच्या दाराच्या मुठीला लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा, कठडा पुसायचा, तळघराची वाट आणि फाटकापुढची फरशी साफ करायची. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. रविवारी पाटी पुढच्या दारी जाते. आम्हा दक्षिण जर्मनीतल्या, श्वाबेनच्या लोकांत कुणी वारले तर ते चार दिवसांनी कळले तरी चालते. पण पाटी एखाद्या दारावर आठव्या दिवशी दिसली, तर बेकरीच्या रांगेत त्याची चर्चा होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या हेर फिडेलिस डायबर यांच्या दारावर ती पस्तीस वर्षांत कधी आठव्या दिवशी दिसली नाही. त्यांचा जिना पुसण्याचा प्रकार असा: गुडघ्यांखाली जुनी उशी, उजव्या हातात घासणी, आणि कोपऱ्यांसाठी खिशात एक म्हातारा टूथब्रश. दोन पाणी सोड्याचे, तिसरे साधे. मग बोट फिरवून बघायचे. स्वतःच्या आठवड्यात स्वतःच्या कामावर, आणि उरलेल्या चार आठवड्यांत आमच्या कामावर. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि पाटी त्यांच्याकडून माझ्याकडे येते. त्यामुळे माझा जिना नेहमी त्यांच्या जिन्याच्या मागोमाग तपासला जाई.

"फ्राउ किलमायर, जिना झालाय हो तुमचा. कोपरे तेवढे व्हायचेत."

पंचवीस वर्षे हे वाक्य मी दर पाचव्या आठवड्याला ऐकले. १९७९ च्या नोव्हेंबरात त्यांनी कारखान्यातून कसलेसे जालीम द्रावण आणले आणि त्याने जिना पुसला. घाण तर गेलीच, पायऱ्यांवरचे रोगणही गेले. दुसऱ्या दिवशी पोस्टमन पत्रांच्या पिशवीसकट दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर पोहोचला. हेर डायबर धावत खाली आले, त्याच्याकडे पाहिले, पायरीकडे पाहिले आणि हळहळले, "छे! ठसा उमटला की हो पाठीचा!"

त्यांचा धंदा धागे काढायचा. गावाखालच्या कारखान्यात डायलिसिसचे फिल्टर बनतात, तिथे ते कातकामाचे मुकादम होते. हा धागा कापडाचा नव्हे. केसापेक्षा थोडी जाड अशी ती पोकळ नळी असते. असल्या दहाबारा हजार नळ्यांची जुडी प्लास्टिकच्या नळकांड्यात बसवली की झाला फिल्टर, लांबीला हातभर, दिसायला लाटण्यासारखा. नळ्यांच्या पोटातून माणसाचे रक्त जाते, बाहेरून उलट्या दिशेने क्षारांचे पाणी जाते, आणि नळीच्या भिंतीला जी भोके असतात त्यांतून रक्तातली घाण पाण्यात उतरते. भोके डोळ्यांना दिसत नाहीत. हेर डायबर यांना ती दिसत असावीत असे त्यांच्या बोलण्यावरून वाटे.

रविवारी आमच्याकडे मसूर आणि श्पेत्झले असले की ते येत, आणि मी साच्यातून कणीक उकळत्या पाण्यात पाडत असताना मागे उभे राहून धडा देत. "हेच, अगदी हेच आमचं काम. प्लास्टिकचा पाक तोटीतून खाली पाण्यात पडतो आणि गोठतो. फक्त तुमच्या श्पेत्झलेला पोट नसतं. आमच्या तोटीला मधोमध आणखी एक तोटी असते, तिच्यातून पाणी सोडायचं. ते पाणी आतून पाकाला गोठवतं. आतली साय तिथेच धरते, आणि भोकं त्या सायीत. पाणी निव्वळ असलं तर पाक झटकन गोठतो, भोकं बारीक. पाण्यात थोडं द्रावक घातलं की पाक सावकाश गोठतो, भोकं मोठी."

"आणि माझे हे?" मी विचारी.

"हे गोळे झालेत. कणीक पातळ करा."

त्यांच्या मेहुण्याचे, एबरहार्टचे, हाल मी पाहिले होते. अकरा वर्षे तो जुन्या, बारीक भोकांच्या फिल्टरवर होता. त्यातून लहान घाण, म्हणजे युरिया वगैरे, भराभरा जाई आणि तपासणीचे आकडे छान येत. पण रक्तात मधल्या आकाराचीही घाण असते. ती त्या भोकांतून जात नसे. ती वर्षानुवर्षे साठली आणि एबरहार्टच्या मनगटांत जाऊन बसली. शेवटी शेवटी त्याला सदऱ्याचे बटण लावता येईना. हेर डायबर यांची बहीण लावून देई आणि तो भिंतीकडे बघत उभा राही. त्याच्या अंत्यविधीहून परत येताना हेर डायबर बसमध्ये मला म्हणाले, "घाण जिन्यात ठेवून आपण दारावरची पाटी पुढे सरकवली, फ्राउ किलमायर."

पुढच्या महिन्यात, ऑक्टोबर १९९२ मध्ये, त्यांनी कारखान्याचा 'सुधारणा प्रस्ताव' हा फॉर्म भरला. आमच्याकडे कुठल्याही कारखान्यात असा फॉर्म असतो. कामगाराने सुधारणा सुचवायची, समितीने ती तपासायची. एकाने सुचवले होते की कॅन्टीनची खुर्ची भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावी म्हणजे रंग जाणार नाही. त्याला घड्याळ मिळाले. हेर डायबर यांनी सुचवले की मधल्या तोटीच्या पाण्यात द्रावकाचा अंश इतका इतका वाढवावा, म्हणजे भोके मोठी होतील आणि मधली घाणही जाईल.

समितीने प्रस्ताव तपासला. मग समितीने तो नीट तपासला की नाही हे उपसमितीने तपासले. मग सही करणारे साहेब आल्प्समध्ये बर्फावर घसरून पाय मोडून बसले. तेवढ्यात हेर डायबर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना प्रस्तावाबद्दल प्रमाणपत्र आणि भेटीची टोपली मिळाली. टोपलीत खारवलेले डुकराचे मांस, चीज, सॉसेज आणि बाटली. प्रमाणपत्र त्यांनी चौकट करून दिवाणखान्यात लावले. चौकटीची काच दर शनिवारी पुसली जाई.

दोन वर्षांनी, १९९६ च्या सप्टेंबरात, त्यांची मूत्रपिंडे गेली. रक्तदाब जुना होता आणि त्यांनी तो मनावर घेतला नव्हता. तो दिसत नव्हता, त्यामुळे पुसताही येत नव्हता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी चार-चार तास ते डायलिसिसच्या खुर्चीवर बसू लागले. घरी बटाटे दोनदा उकळून पाणी फेकायचे, पाणी कपाने मोजून प्यायचे, मीठ नाही. त्यांनी हे सगळे इतके काटेकोर केले की पथ्य सांगणारी बाई त्यांच्याकडून उलट दोन गोष्टी शिकून गेली. जिना चालू होता. पाटी सातव्या दिवशी माझ्या दारी येत होती.

त्यांची मुलगी रोझविटा श्टुटगार्टला एका विमा कचेरीत आहे. धोका किती टक्के, हे तिला झोपेतही सांगता येते. वडील आजारी पडल्यावर तिने टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नाव घालून ठेवले.

"पपा, तीन मजले, लिफ्ट नाही, आणि तुम्ही बादली घेऊन वरखाली करता! कुणी ऐकलं तर मला वेड्यात काढेल."

"बादली अर्धीच भरतो."

"ठीक आहे. माझं एवढंच म्हणणं आहे. जोवर तुमची पाळी तुम्ही स्वतः करता, तोवर मी एक शब्द बोलणार नाही. ज्या दिवशी तुमच्या आठवड्यात जिना दुसऱ्या कुणी पुसला, त्याच्या पुढच्या सोमवारी मी गाडी घेऊन येते. कबूल?"

"कबूल."

त्यांनी हस्तांदोलन केले. बाप-लेकीचे करार आमच्याकडे असेच होतात. मी साक्षीदार होते, म्हणून मलाही एक कॉफी मिळाली.

जानेवारी १९९८ मध्ये डायलिसिस केंद्रात नवा फिल्टर आला. सव्वापाच वर्षांनी हेर डायबर यांचा प्रस्ताव तोटीतून बाहेर पडला होता. नळकांडे तेच, जुडी तीच; फक्त आतल्या सायीची भोके मोठी. पहिला फिल्टर कुणाला लावायचा याची चर्चाच झाली नाही. कारखान्याने फोटोग्राफर पाठवला.

आता केंद्रातल्या आकड्यांविषयी सांगायला हवे. तिथे दर महिन्याला प्रत्येकाचा सफाईचा आकडा काढतात: डायलिसिसच्या आधी रक्तात युरिया किती, नंतर किती. तो आकडा खासगी असतो, म्हणजे सगळ्यांना माहीत असतो. बोलिंग क्लबात गुण सांगतात तसे हे लोक खुर्च्यांवर पडून एकमेकांना तो सांगत. नव्या फिल्टरने हेर डायबर पहिले आले. शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त रेल्वे गार्ड दुसरे. ते अजून जुन्याच फिल्टरवर होते.

"बघा, मधली घाण तर जुन्याच्या तिप्पट जातेय," डॉक्टर नेगेले म्हणाल्या. त्या केंद्राच्या प्रमुख. "हेर डायबर, तुमच्याइतकं स्वच्छ रक्त या जिल्ह्यात कुणाचं नसेल."

हे वाक्य हेर डायबर यांनी मला जिन्यात थांबून, शब्द न गाळता सांगितले. मी त्या तारखेला ते रोजनिशीत लिहून ठेवले आहे, आणि त्याच पानावर खाली: 'हेर डायबर पहिल्या मजल्यावर थांबले. बोलायला थांबले असे म्हणाले.'

फेब्रुवारीतला त्यांचा जिना तीन दिवस चालला. ९ मार्चच्या आठवड्यात ते प्रत्येक मजल्यावर उशीवरच बसून राहत. घोटे सुजले होते, बुटांच्या नाड्या बांधल्या जात नव्हत्या. माउलटाशेन, म्हणजे आमची सारण भरलेली, पाण्यात उकडलेली करंजी, हा त्यांचा जीव. ती त्यांनी माझ्याकडे अर्धी ताटात ठेवली. मी काही बोलले की उत्तर तयार होते: "आकडा बघा ना आकडा!"

त्याच सुमारास कारखान्याचे पोस्टर छापून आले. खुर्चीवर हेर डायबर, हातात फिल्टर, खाली मोठ्या अक्षरांत: 'जो बनवतो, तोच वापरतो.' फोटोग्राफर मार्चमध्ये पुन्हा येऊन गेला होता, कारण त्याच्या मते जानेवारीतल्या फोटोत चेहरा जरा ओढलेला होता आणि आता छान भरला होता. तो सुजलेला चेहरा केंद्राच्या प्रवेशदारात, कारखान्याच्या फाटकावर आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात लागला.

डॉक्टरांना सूज दिसली नाही असे नाही. रक्त तपासले, तेव्हा अल्ब्युमिन खाली आलेले निघाले. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातले प्रथिन. ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. ते कमी झाले की पाणी घोट्यांत उतरते आणि माणसाच्या अंगातले त्राण जाते.

"तुम्ही जेवत नाही," डॉक्टर नेगेले म्हणाल्या. "अंडी खा. भरपूर खा."

हेर डायबर यांनी भरपूर म्हणजे किती ते विचारले. कोपऱ्यावरच्या दुकानातून दिवसाला सहा अंडी येऊ लागली. पांढरे तेवढे खायचे, पिवळे वर्ज्य. त्यामुळे पिवळी माझ्याकडे. त्या एप्रिलमध्ये मी इतके केक केले की चर्चमधल्या बायकांना वाटले माझे लग्न ठरले. आणि तरी त्यांचे अल्ब्युमिन आणखी उतरले. सफाईचा आकडा मात्र जिल्ह्यात पहिलाच.

१३ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, पाटी पुन्हा त्यांच्या दारी होती. गुरुवारपर्यंत त्यांचा एकच मजला झाला होता, तोही वरचा. शनिवारी पहाटे प्रार्थनेला जाण्याआधी मी चपला हातात घेऊन उतरले आणि खालचे दोन मजले पुसून काढले. कुणी पाहिले नाही. सहाच्या आत जिना स्वच्छ होता. रविवारी ते पाटी द्यायला माझ्या दारी आले. देईनात. हातातच धरून उभे.

"खालचा जिना कुणी पुसला?"

"तुमची पाळी होती, हेर डायबर. तुम्हीच असणार."

"फ्राउ किलमायर, कोपरे तुमचे आहेत."

टूथब्रश न्यायला मी विसरले होते.

ते माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. "करार करार आहे. मी रोझविटाला कळवायला हवं."

"पुढच्या पाळीपर्यंत थांबा. एकदा चुकलं तर चुकलं."

"म्हणजे खोटं बोलू?"

"बोलू नका. विचारलं तर सांगा. न विचारता सांगणं हा उद्धटपणा आहे, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं." असे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. ते पाप मी पुढच्या शनिवारी कबूल केले.

ते ओट्यावरच्या अंड्यांच्या टोपलीकडे वळले. "दिवसाला सहा," ते म्हणाले. "जातात कुठे?"

बुधवारी, २२ एप्रिलला, डायलिसिसहून ते टॅक्सीने आले आणि तिसऱ्या मजल्याऐवजी माझ्याच दारी थांबले. पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. फिल्टरमधून घाण घेऊन बाहेर पडणारे पाणी मोरीत जाते. डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या पाव तासातले ते पाणी त्यांनी परिचारिका लिओबाकडून मागून घेतले होते. एक बाटली त्यांची, एक रेल्वे गार्डांची. लिओबाने विचारले म्हणे, "काय करणार याचं? गुलाबांना घालणार?"

"तुमच्याकडे एकसारखी दोन पातेली आहेत?" त्यांनी मला विचारले.

"सुपाची आहेत, ती मिळणार नाहीत. दुधाची जुनी आहेत, ती घ्या आणि परत करू नका."

दोन्ही पातेली शेगडीवर चढली. पाणी तापले, उकळले, आणि दोन्ही पातेल्यांत पांढरा ढग धरला. हेर डायबर यांचा चेहराही तसाच झाला. "दोन्हीत? गार्डांचंपण जातंय? मग जुना फिल्टरही..."

"अहो, काय घाबरता?" मी म्हटले. "हा चुना आहे. किटलीत रोज धरतो तोच." आमच्या डोंगराचे पाणी जड, इथल्या कुठल्याही बाईने आयुष्यात किटली खरवडण्यात जितका वेळ घालवला आहे तितका नवऱ्याशी बोलण्यात घालवलेला नाही. उपाय एकच. मी कपाटातून व्हिनेगरची बाटली काढली आणि दोन्ही पातेल्यांत सढळ हाताने ओतली. फस्सकन फेस आला. तो बसला तेव्हा गार्डांचे पातेले असे निवळले की तळाचा ओरखडा दिसावा.

दुसरे निवळले नाही. मी आणखी व्हिनेगर घातले. ढग तसाच. थोड्या वेळाने त्याच्या बारीक बारीक चिंध्या झाल्या आणि त्या तळाशी जाऊ लागल्या. सुपात फेटलेले अंडे सोडले की होतात ना, तशा.

हेर डायबर यांनी शेगडी बंद केली. चमच्याने एक चिंधी उचलून दिव्याकडे धरली.

"माझी अंडी," ते म्हणाले.

मग ते टेबलावर बोटाने काहीतरी आखू लागले. बोलले ते मुकादमासारखे. "मला वाटलं मी सगळी भोकं जराशी मोठी केली. तसं होत नाही. भोकं कधीच एकसारखी नसतात. काही लहान, काही मोठी. सगळ्यांना ढकललं की मधली हवी तेवढी होतात, आणि जी आधीच मोठी होती ती दरवाजे होतात. मधली घाण आणि अल्ब्युमिन यांच्या आकारात फरक तो किती! एकाला बाहेर काढायचं तर दुसरं उंबऱ्यावर उभंच. मी सव्वापाच वर्षं वाट पाहिली, फ्राउ किलमायर, आणि स्वतःच्या जिन्याचं रोगण काढून बसलो."

पोस्टमनची आठवण मी काढली नाही. ती त्यांनीच काढली होती.

मी लोणच्याची काचेची बरणी धुऊन दिली. त्यांनी ते पातेले तिच्यात ओतले, रबरी कडे लावून झाकण घट्ट बसवले. मी सवयीने लेबल चिकटवले: '२२ एप्रिल ९८'. तळघरातल्या जर्दाळूच्या शेजारी ठेवावी अशी दिसत होती.

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेले, कारण बरणी जड होती आणि ते स्वतः त्याहून जड झाले होते. प्रवेशदारात त्यांच्याच पोस्टरखालून आम्ही आत गेलो. डॉक्टर नेगेलेंच्या टेबलावर त्यांनी बरणी ठेवली.

"हे काय, हेर डायबर? मुरंबा?"

"मी आहे."

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. "चाचणी प्रयोगशाळेत होते. स्वयंपाकघरात नाही."

"मग प्रयोगशाळेत करा. मला घाई नाही. पुढची पाळी अठरा मेला आहे."

"कसली पाळी?"

"जिन्याची," मी सांगितले. "ती चुकली तर त्यांना वृद्धाश्रमात जावं लागेल."

डॉक्टर नेगेले मूळच्या हॅम्बर्गच्या, म्हणजे उत्तरेच्या; आमची पाटी त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि कागदावर काही लिहून घेतले. बहुधा मेंदूच्या तज्ज्ञांचा नंबर असावा. पण बाई प्रामाणिक. बरणी त्यांनी उजेडात धरली, हलवली, चिंध्या वर उठून पुन्हा बसल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "लिओबा, आज हेर डायबरांना जुना फिल्टर. आणि मोरीचं पाणी सगळ्यांचं तपासा, नव्या फिल्टरवरच्या सगळ्यांचं."

प्रयोगशाळेचे उत्तर आठ दिवसांनी आले. एका बैठकीत तीन अंड्यांइतके प्रथिन मोरीत जात होते. युरियाचे आकडे त्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत, कारण ते युरियाबद्दलच बोलतात. केंद्राने नवा फिल्टर थांबवला आणि कारखान्याला कळवले.

हेर डायबर यांनीही कारखान्याला कळवले, अर्थातच फॉर्म भरून. 'सुचवलेली सुधारणा' या चौकटीत लिहिले: 'भोके लहान करावीत, पण संख्येने जास्त आणि एका मापाची. त्यासाठी धागा सावकाश ओढावा, पाकाची आणि पाण्याची उष्णता अर्ध्या अंशाच्या आत धरावी, आणि द्रावकाचा अंश खाली आणावा.' 'ही सुधारणा कोणत्या प्रचलित पद्धतीऐवजी?' या चौकटीत लिहिले: 'फिडेलिस डायबर यांच्या.'

समितीचे उत्तर तीन आठवड्यांत आले, इतक्या लवकर त्यांनी आयुष्यात काही केले नव्हते. निवृत्त कर्मचाऱ्यांना प्रस्ताव देता येत नाहीत. शिवाय, ज्या सुधारणेला पारितोषिक मिळाले आहे तिच्या विरोधात प्रस्ताव द्यायचा झाल्यास मूळ प्रस्तावकाची लेखी संमती जोडावी. हेर डायबर यांनी स्वतःला लेखी संमती दिली, तारीख घातली आणि कागद पाठवून दिला. त्याला उत्तर आले नाही. पोस्टर मात्र कारखान्याच्या फाटकावरून निघाले. तिथे कॅन्टीनच्या नव्या वेळा लागल्या.

पण हे सगळे नंतरचे. मेमध्ये प्रश्न जिन्याचा होता.

जुन्या फिल्टरवर तीन आठवडे झाले होते. घोटे थोडे उतरले होते. नाड्या बांधल्या जात होत्या, पण सैल. १८ मेला, सोमवारी, पाटी त्यांच्या मुठीला होती. आणि शनिवारी रोझविटा येणार असा फोन आला. तिने विचारले नव्हते, तरी त्यांनी एप्रिलचे सगळे तिला सांगितले होते. माझे पाप फुकट गेले.

"पपा, म्हणजे गेली पाळी फ्राउ किलमायरनी केली."

"दोन मजले. कोपरे सोडून."

"मग मी शनिवारी गाडी घेऊनच येते. बॅग भरून ठेवा."

"शनिवारी सहाला ये. आधी नको. पाळी सहापर्यंत असते."

घरनियमांचा कागद फाटकाजवळ काचेत लावलेला आहे. हेर डायबर यांनी चष्मा लावून तो वाचला. जिना शनिवारी सहाच्या आत स्वच्छ असावा असे त्यात आहे. एका दमात पुसावा असे कुठेही नाही. मंगळवारी त्यांनी सहा पायऱ्या पुसल्या. गुरुवारी नऊ. बुधवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, त्या दिवशी फक्त कठडा. मी दार किंचित उघडे ठेवून आत शिवण घेऊन बसले होते. मदत करायची नाही असे मला दोनदा बजावले होते. टूथब्रशचा आवाज येई, थांबे. थांबला की मी सुई थांबवी. पुन्हा सुरू झाला की मीही टाके घाली. त्या आठवड्यात मी एक उशीचा अभ्रा इतका बारीक शिवला की तो अजून उसवलेला नाही.

शनिवारी दुपारी तीनला तळघराची वाट आणि खालच्या अकरा पायऱ्या राहिल्या होत्या. साडेपाचला दोन. पावणेसहाला फाटकापुढे गाडी थांबली. रोझविटा आत आली तेव्हा तिचे वडील सर्वांत खालच्या पायरीसमोर उशीवर गुडघे टेकून होते, आणि सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"पपा, उठा आता."

"पाय बाहेर ठेव. ओलं आहे."

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हातातली गाडीची किल्ली वाजवत, मग न वाजवता. त्यांनी शेवटचा कोपरा घासला, साधे पाणी फिरवले, कठड्याला धरून उठले, आणि पायरीवर बोट फिरवून ते तिला दाखवले. चर्चच्या घड्याळात सहाचे टोले पडायला लागले होते.

रोझविटाने बोट पाहिले. तिच्या कचेरीत असल्या बोटाला किती टक्के देतात मला ठाऊक नाही. "वर बॅग भरलीय का?" तिने विचारले.

"नाही."

"मग मी जेवायला थांबते. काय आहे?"

"अंडी," ते म्हणाले. "दोनच."

पुढे ते सहा वर्षे जगले, तिसऱ्याच मजल्यावर. २००१ मध्ये कारखान्याने नवा फिल्टर काढला. एका मापाची भोके, सावकाश ओढलेला धागा, उष्णता अर्ध्या अंशाच्या आत. एका तरुण इंजिनिअरला त्याबद्दल प्रमाणपत्र आणि भेटीची टोपली मिळाली. हेर डायबर यांना समारंभाचे आमंत्रण होते. ते गेले, टाळ्या वाजवल्या, आणि टोपलीत सॉसेज पाहून त्या मुलाला म्हणाले, मिठाचं जपून. नंतर तोच फिल्टर त्यांना लागला. मनगटे शेवटपर्यंत चालली. बटणे स्वतः लावत.

पण मला सांगायचे आहे ते ३० मे १९९८ च्या पानावर आहे. पाटी माझ्याकडे आली होती. शनिवारी पाच वाजता मी जिना पुसून हातमोजे काढत होते, तेव्हा वर दार वाजले. हेर डायबर खाली येत होते, कठड्याला हात न लावता. दुसऱ्या मजल्यावर ते वाकले. एप्रिलमधल्या माझ्या पाळीत त्यांना वाकता आले नव्हते, आणि माझ्या पायऱ्यांवर कुणी बोट फिरवले नव्हते. त्यांनी बोट फिरवले, चष्मा कपाळावर सरकवून ते न्याहाळले.

"फ्राउ किलमायर," ते म्हणाले, "जिना झालाय हो तुमचा."

मी वाट पाहिली.

"कोपरे तेवढे व्हायचेत."

मी बादली पुन्हा भरून आणली आणि कोपरे केले. रोजनिशीत त्या दिवसासमोर एवढेच आहे: 'हवा कोरडी. कोपरे दोनदा. हेर डायबर बरे आहेत.'